पाठ टेकली की झोप उडते : १४ महिन्यांच्या जागरणाबद्दल एका शिक्षिकेला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या ४६ वर्षांच्या एक शिक्षिका लिहितात : "सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा रात्री उठावं लागायचं. त्या जाऊन १० महिने झाले, पण झोप काही परत आली नाही. साडेनऊला पाठ टेकते, साडेबारा-एकपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. तीनला जाग येते ती पाचपर्यंत. सहाला उठावंच लागतं. संध्याकाळी शाळेतून आले की चहा घेऊन तासभर आडवी होते, रविवारी नऊपर्यंत लोळते, तरी थकवा जात नाही. शेजारच्या वहिनींनी सांगितलेली अल्प्राझोलामची गोळी मेडिकलमधून आणते. आधी पाव मिलिग्रॅमची पुरायची, आता अर्ध्याची लागते. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.६ वरून ६.० झालंय, बीपी १३८/८८. परवा फळ्यावर आकृती काढली आणि 'समांतर' हा शब्दच आठवेना. मागच्या महिन्यात गाडीवर वळणाला क्षणभर डोळे मिटले. घरचे म्हणतात, विचार करणं सोड. माझ्या शरीराचं किती नुकसान झालं असेल? ते भरून निघेल का?"

ताई, सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. वळणाला डोळे मिटले. त्या दोन-तीन सेकंदांत मेंदू खरोखर झोपलेला असतो. कधी डोळे उघडे असतानाही असं होतं आणि माणसाला ते कळतसुद्धा नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. म्हणजे तीन सेकंदांत तुम्ही ३३ मीटर रस्ता झोपेत कापलात. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. तुमच्या बाबतीत त्यात रात्रीच्या गोळीचा सकाळपर्यंत रेंगाळणारा अंमल मिळवा. तेव्हा पुढचा दीड महिना तरी शाळेत एसटीने जा किंवा सहकाऱ्यांच्या मागे बसून जा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल, हे मात्र उद्यापासून.

आता नुकसानाकडे वळू. त्याआधी एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा, कारण झोपेबद्दल जे भीतिदायक लिहिलं जातं त्यातलं बरंचसं हा फरक न करता लिहिलेलं असतं. झोप कमी मिळणं वेगळं आणि मिळालेल्या वेळात झोप न येणं वेगळं.

मी एम.डी. करत होतो तेव्हा सलग ३६ तासांच्या ड्यूट्या असायच्या. एकदा पहाटे चारला सलाईनमध्ये घालायचं पोटॅशियम सिरिंजमध्ये भरून मी रुग्णाजवळ उभा होतो आणि हा डोस आधी दिला आहे की नाही, हे मला आठवेना. वॉर्डातल्या सिस्टरांनी माझं मनगट धरलं आणि चार्ट समोर केला. डोस दिलेला होता, खाली माझीच सही होती. २८ वर्षं झाली, अजून ते आठवलं की तळहाताला घाम येतो. पण त्या काळात मी बाकावर, स्ट्रेचरवर, जेवणाच्या टेबलावर, डोकं टेकलं की मिनिटभरात झोपायचो. आमच्या भागात ज्या आठवड्यात पंपाला थ्री फेज लाइट रात्रीची असते, त्या आठवड्यात शेतकरी पिकाला पाणी द्यायला रात्रभर दारं धरतात. त्यांचंही तसंच असतं, दुपारी बांधावरच्या झाडाखाली पडले की गाढ. यांना झोप येते, पण वेळ मिळत नाही. त्यांचा उपाय वेळ मिळवून देणं हा आहे, आणि शेतीला दिवसा वीज देणं हा त्यांच्यापुरता आरोग्याचाही प्रश्न आहे.

तुमचं उलट आहे. साडेनऊ ते सहा, म्हणजे साडेआठ तास तुमच्याकडे आहेत, आणि त्या वेळात झोप येत नाही. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री असं होत असेल, तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल आणि दिवसा त्रास होत असेल, तर त्याला आम्ही जुनाट निद्रानाश म्हणतो. तुम्ही त्यात बसता. अशा माणसांचं एक लक्षण मी नेहमी विचारतो : दुपारी निवांत बसलात तर पेंग येते का? बहुतेक जण सांगतात, "नाही हो डॉक्टर, अंग गळून जातं, पण झोप येत नाही." शरीर दमलेलं असतं आणि आतून कुणीतरी पहारा देत असतं. तुम्हाला मात्र संध्याकाळी झोप लागते आणि गाडीवर डोळे मिटतात. म्हणजे तुमच्या बाबतीत निद्रानाशाबरोबर आणखी काहीतरी असण्याची शक्यता आहे. त्याकडे पुढे येतो.

हा फरक महत्त्वाचा अशासाठी की झोपेवरचे गाजलेले प्रयोग निरोगी, तरुण, गाढ झोपणाऱ्या माणसांना मुद्दाम जागं ठेवून केलेले आहेत. १९९९ साली शिकागोत ११ तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. त्यांचं शरीर साखर हाताळण्यात इतकं मागे पडलं की ते आकडे वयस्कर, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांसारखे दिसू लागले. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगात लोक १४ दिवस रोज सहा तास अंथरुणात घालवत होते. शेवटी त्यांचं लक्ष इतकं घसरलं की जणू एक अख्खी रात्र जागरण झालं असावं. त्यातली खरी काळजीची गोष्ट ही की त्यांना स्वतःला मात्र आपण ठीक आहोत असंच वाटत होतं. आपल्याला सहा तास पुरतात असं छातीठोकपणे सांगणाऱ्या तरुण मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावं. २००९ मध्ये १५३ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता, आठ किंवा जास्त तास झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाली.

हे सगळं खरं आहे. पण ते जसंच्या तसं स्वतःला लावून रात्री दीड वाजता "आता माझी साखर वाढतेय, आता माझं हृदय बिघडतंय" असा हिशेब करत पडलात, तर तो हिशेबच झोपेच्या आड येतो. निद्रानाशाच्या रुग्णाचं नुकसान या प्रयोगांवरून थेट मोजता येत नाही. आणखी एक दिलासा देतो. शिकागोतल्या त्याच तरुणांना नंतर पोटभर झोपू दिल्यावर साखरेचे आकडे सुधारले होते.

तुमचे रिपोर्ट एकेक पाहू. एचबीए१सी ६.० म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, ती ५.७ ते ६.४ मानतात. अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचा असर कमी होतो, भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन घटतं, आणि जीव गोडावर, तळलेल्यावर जातो. तरी सगळा दोष झोपेला देऊ नका. ४६ वय, पाळी जाण्याच्या आसपासचे बदल, आईवडिलांना मधुमेह होता का, वर्षभरात वजन किती वाढलं, हेही त्यात आहे. बीपीचं असं, की गाढ झोपेत ते दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी खाली उतरतं. रक्तवाहिन्यांना विसावा मिळतो तो तेवढाच. रात्र तुटक गेली की हा उतार मिळत नाही. पण दवाखान्यात एकदा मोजलेल्या १३८/८८ वरून मी निष्कर्ष काढणार नाही. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि लिहून ठेवा.

'समांतर' आठवला नाही, याची तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटली असणार. पत्रातही ते तुम्ही सगळ्यात तपशिलाने लिहिलं आहे. मुलं पाहत आहेत, खडू हातात आहे आणि २० वर्षं शिकवलेला शब्द जिभेवर येत नाही. ताई, एवढ्यावरून ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे असं मला मुळीच वाटत नाही. झोप अपुरी असली की कपाळामागचा मेंदूचा भाग मंदावतो. नेमका शब्द वेळेवर काढून देणं, एका वेळी दोन गोष्टी सांभाळणं, रागाला आवर घालणं ही त्याची कामं. शब्द हरवलेला नसतो, तो हाताशी यायला वेळ लागतो. तुम्ही मुलांवर विनाकारण ओरडत असाल, घरी भांड्यांचा आवाज सहन होत नसेल, तर तेही याचंच. आणि अल्प्राझोलाम स्वतः स्मरणशक्ती बोथट करतं, हे गोळी देताना कुणी सांगत नाही.

मनाचं नुकसान मी शरीराच्या बरोबरीने मोजतो. निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट असते, असं अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं आहे. म्हणून झोपेची तक्रार किरकोळ समजणं मला पटत नाही. तुम्हाला कशातच रस वाटेनासा झाला असेल, सकाळी उठूच नये असं वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. जगणं नको असा विचार येत असेल, तर थांबू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आता माझा एक अंदाज. चुकला तर सोडून द्या. सासूबाईंना कूस बदलून द्यायला तुम्ही रात्री किती वाजता उठायचात? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी वळवावं लागतं. घरात हे एकच बाई करत असते, आणि त्यात एक पाळी हमखास तीनच्या सुमाराची असते. तुमचे कान चार महिने त्या खोलीकडे लागलेले होते. त्या गेल्या, पण कान अजून तिकडेच आहेत. हा तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. "विचार सोड" म्हणणाऱ्यांना सांगा, विचार दार वाजवून येत नाहीत.

मात्र निद्रानाश सुरू कशाने झाला आणि टिकला कशाने, ही उत्तरं वेगळी आहेत. आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात हे फार नेमकं मांडलं. माझ्या भाषेत सांगतो : गवत वाळलेलं असतं, म्हणजे स्वभाव काळजीचा, झोप मुळात सावध. मग ठिणगी पडते. तुमच्याकडे ती सासूबाईंचं आजारपण ही होती. पण ठिणगी विझून १० महिने झाले. आग चालू आहे ती रोज घातलेल्या सरपणावर. सरपण म्हणजे आपण झोप मिळावी म्हणून केलेले उपायच. लवकर पडणं, संध्याकाळची डुलकी, रविवारचं लोळणं, गोळी.

झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे झोपेची भूक. जागं असताना मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, जितकं जास्त जागाल तितकी भूक मोठी. सहा वाजता तासभर झोपणं म्हणजे रात्रीच्या जेवणाआधी ताटभर भजी खाणं. साडेनऊला भूक उरलेलीच नसते. वर चहा. चहा-कॉफीतलं कॅफिन अडेनोसिनची जागा अडवून बसतं आणि पाच-सहा तासांनंतरही त्यातलं निम्मं अंगात असतं. संध्याकाळी सहाचा कप रात्री साडेअकराला निम्मा शिल्लक. दुसरी गोष्ट मेंदूतलं घड्याळ. पेशींमध्ये ते कसं चालतं हे शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. हे घड्याळ सकाळच्या उजेडावर आणि उठण्याच्या वेळेवर लागतं. रविवारी सहाऐवजी नऊला उठणं म्हणजे तीन तासांचा फरक. मुंबईहून रियाधला गेलं तरी घड्याळ अडीचच तास मागे करावं लागतं. आणि रविवारी रात्री पुन्हा साडेनऊला पडायचं! त्या रात्रीची तळमळ सोमवारच्या शाळेमुळे होते असं तुम्हाला वाटत असेल. बरीचशी सकाळच्या लोळण्यामुळे होते. शिवाय नेहमी झोप लागते त्याआधीचे दोन-तीन तास मेंदू सगळ्यात जागा असतो. तुम्ही नेमक्या त्याच तासांत पडून झोपेला ओढत असता.

यातून हळूहळू अंथरूणच जागरणाची जागा होऊन बसतं. सोफ्यावर टीव्हीसमोर पेंग येते, खोलीत गेलं की टक्क जाग. हे तुमचं होत असेल तर ओळखीची खूण समजा.

उपायाला हात घालण्याआधी चार गोष्टी तपासून घ्याच. पहिली, घोरणं. यजमानांना विचारा, संकोच करू नका. हवं तर दोन रात्री मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा. घोरताना मध्येच शांतता आणि मग दचकून मोठा श्वास, सकाळी तोंड कोरडं, डोकं जड, असं असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. पाळी जाण्याच्या सुमारास बायकांमध्ये तो वाढतो, आणि बायका "घोरते" म्हणून येत नाहीत, "झोप तुटते, थकवा आहे" म्हणून येतात, म्हणून तो सुटून जातो. वाढलेलं बीपी, वाढती साखर, गाडीवर मिटलेले डोळे यामुळे मला तुमच्या बाबतीत याची शंका आहे. झोपेची तपासणी आता घरीही मशीन लावून होते. ती होईपर्यंत, पुढे सांगितलेला अंथरुणातला वेळ आवळण्याचा उपाय सुरू करू नका. दुसरी, पाय. पडल्यावर पोटऱ्या ओढतात का, पायात वळवळल्यासारखं होऊन हलवल्याशिवाय चैन पडत नाही का? यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन बरं असलं तरी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघा. तिसरी, थायरॉइड. चौथी, रात्री एकदम अंगातून वाफा निघून घाम फुटतो का? तसं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, त्यावर चांगले उपचार आहेत.

गोळीबद्दल. कृपा करून ती उद्यापासून एकदम बंद करू नका. एकदम सोडली तर दोन-तीन रात्री डोळा मिटत नाही, घाबरं होतं, हात कापतात, आणि जास्त दिवस, जास्त डोस घेणाऱ्याला झटकेही येऊ शकतात. मग माणूस म्हणतो, "बघा, गोळीशिवाय मी झोपूच शकत नाही." तो गोळी सुटण्याचा त्रास असतो. अल्प्राझोलाम एच१ अनुसूचीत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, आणि औषध दुकानदाराने रुग्णाचं नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. वहिनींनी मायेनेच सांगितलं असेल, पण ही मायेने वाटायची गोष्ट नाही. माझ्याकडे ७२ वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ अशीच कुणाची तरी गोळी घेऊन रात्री बाथरूमला उठले आणि उंबऱ्यात अडखळले. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ते काठीशिवाय चालले नाहीत. झोप सलग तीन-चार आठवडे बसली की तुमच्या डॉक्टरांच्या देखरेखीत, दर दोन आठवड्यांनी चतुर्थांश किंवा त्याहून कमी, असं उतरायचं. तोवर डोस वाढवायचा नाही.

आता मुख्य उपाय. जुनाट निद्रानाशासाठी गोळीच्या आधी वागणुकीचे उपचार द्यावेत, अशी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सची २०१६ची शिफारस आहे आणि माझा स्वतःचा अनुभव तोच आहे. त्यातला सगळ्यात ताकदीचा भाग ऐकायला उलटा वाटतो : अंथरुणातला वेळ कमी करायचा.

दोन आठवडे एक साधी वही ठेवा. रात्री घड्याळ न बघता, सकाळी अंदाजाने लिहायचं : कधी पडले, साधारण कधी लागली, किती वेळ जागी होते, कधी उठले. तुमच्या सांगण्यावरून झोप तीन-साडेतीन तासांची वाटते. वही बहुधा सव्वापाचच्या आसपास दाखवेल, कारण निद्रानाशात माणूस हलकी झोप जागरणात धरतो. धरून चालू सव्वापाच. साडेआठ तास पडून सव्वापाच तास झोप म्हणजे ६२ टक्के. बाकीचे सव्वातीन तास तुम्ही रोज मेंदूला शिकवत असता की ही जागा जागं राहायची आहे.

दोन आठवड्यांनी अंथरुणाचा वेळ साडेपाच तास करायचा. उठण्याची वेळ आधी ठरवा, कारण ती हातात असते. सकाळी सहा, रविवारीसुद्धा, पाहुणे आले तरी, रात्र कितीही वाईट गेली तरी. म्हणजे पडायचं साडेबाराला. त्याआधी खोलीत पाऊल टाकायचं नाही. संध्याकाळची डुलकी बंद. पाचपेक्षा कमी तास कधीच करायचे नाहीत. ज्यांना फिट्स येतात, ज्यांना कधी उन्माद-नैराश्याचा आजार झाला आहे, जे वाहन चालवून पोट भरतात, त्यांनी हे स्वतःच्या मनाने अजिबात करू नये.

सांगून ठेवतो, पहिले दहा दिवस कठीण जातात. रात्री दहाला डोळे जड होतील, साडेअकराला घरातले सगळे झोपलेले असतील आणि तुम्ही हॉलमध्ये बसून असाल. रडू येईल. चौथ्या-पाचव्या दिवशी माझे निम्मे रुग्ण फोन करतात, "डॉक्टर, हे जमणार नाही." मी त्यांना म्हणतो, आज खूप झोप येते आहे ना? वर्षभरात पहिल्यांदाच तुम्हाला खऱ्या अर्थाने झोपेची भूक लागली आहे. या तासांसाठी बैठं काम आधीच काढून ठेवा. वह्या तपासू नका, त्यात मन तापतं. गहू निवडा, कपड्यांच्या घड्या घाला, शिवणटिपण करा. दिवा मंद ठेवा. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून टाका.

मध्येच जाग आली आणि चाळवाचाळव होऊ लागली, जीव त्रासला, की उठून बाहेर या. खुर्चीत बसा, पेंग आली की परत जा. रात्रीतून तीनदा करावं लागलं तरी चालेल. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली हा नियम घातला, आजही त्याहून चांगला सापडलेला नाही. घड्याळ कपाटात ठेवा. तीन वाजलेत की चार, हे कळून झोप येत नाही, फक्त बेरीज-वजाबाकी सुरू होते.

वहीत झोपेचं प्रमाण अंथरुणातल्या वेळाच्या ८५ टक्के दिसू लागलं की आठवड्याला १५ मिनिटं आधी पडायचं. साडेबाराचे सव्वाबारा, मग बारा. असं करत बहुतेक जण साडेसहा-सात तासांवर स्थिरावतात. प्रौढांना सात किंवा जास्त तास असावेत, अशी २०१५ची तज्ज्ञांची शिफारस आहे. तिकडे पोचायला दोन-अडीच महिने लागतील. तुमच्या साखरेचं आणि बीपीचं खरं चित्र त्यानंतर दिसेल, म्हणून एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा करा.

सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात अंगणात, गच्चीवर उजेडात या. तुळशीला पाणी घालता घालता २० मिनिटं गेली तरी चालतील. चहा दुपारी दोननंतर नको. काशाच्या वाटीने तळपायाला तेल चोळायची आपली जुनी पद्धत जरूर करा. पाय कोमट झाले की तिथल्या रक्तवाहिन्या फुलतात, अंगातली उष्णता बाहेर पडते, आणि शरीराचं तापमान उतरू लागलं की झोप येते. दुधात जायफळ चिमूटभर ठीक, चमचाभर मात्र विषारी ठरू शकतं. मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाच्या गोळीचा उपयोग मेंदूतलं घड्याळ सरकवायला होतो, तुमच्या प्रकारच्या त्रासात तो थोडकाच.

साखरझोप हा शब्द आपल्याकडे उगाच नाही. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या प्रहरात जास्त असते, मन त्यात दिवसभराचं ओझं उतरवतं. तुम्हाला पाच ते सहा जी एक तासाची झोप लागते, ती हीच. म्हणजे यंत्रणा शाबूत आहे. भरून निघेल का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर यावरूनच आहे : लक्ष, शब्द, चिडचिड हे सगळ्यात आधी, काही आठवड्यांत सुधारतं. साखर आणि बीपी सावकाश, आणि त्यांना झोपेबरोबर चालणं आणि ताटातला बदलही लागेल. गेलेली प्रत्येक रात्र तासाला तास परत करावी लागत नाही. शरीर आधी गाढ झोप वसूल करतं.

एक काम आजच करा. यजमानांना हे उत्तर वाचून दाखवा, विशेषतः हॉलमध्ये बसायचा भाग. रात्री बारा वाजता तुम्ही गहू निवडताना दिसलात की "अगं, झोप की आता" म्हणून ते प्रेमानेच बोलावतील, आणि तुम्ही जाल. पहिले दहा दिवस त्यांनी तसं म्हणायचं नाही, एवढं कबूल करून घ्या. घोरण्याचं रेकॉर्डिंग, फेरिटिनचा रिपोर्ट आणि १४ दिवसांची वही हाती आली की ती घेऊन डॉक्टरांकडे जा.